काचेच्या वड्यांचं छत

सत्यभामाबाईंच्या हाताला एक खोड आहे. काटा सरळ झाला, गिऱ्हाइकानं पिशवी पुढे केली, की त्यांचा हात आपोआप टोपलीकडे वळतो आणि एक मूठ वर टाकून मोकळा होतो. कधी मूठभर सांबार, कधी चार हिरव्या मिरच्या, तेही नसलं तर मेथीच्या दोन काड्या. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्यांसाठी सांगून ठेवलेलं बरं.) जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात बाईंनी पस्तीस वर्षं भाजी विकली आणि या पस्तीस वर्षांत कुणाला नुसतं मापात दिल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नाही. शेजारच्या भाजीवाल्या कावायच्या. "तुमच्यामुळं आमालेही द्या लागते, सत्यभामाबाई!" बाई मान डोलवायच्या आणि पुढच्या पिशवीत मूठ टाकायच्या.

भाजी पिकवायचे ते त्यांचे यजमान तुळशीराम. माणूस सरळ, मेहनती आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत भलताच कडक. एकोणिसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मच्छीचं नाव नको, आणि ज्या तव्यावर कधी आम्लेट झालं असेल त्या तव्यावरची पोळीही नको. एकदा दोघं नांदुऱ्याला लेकीकडे निघाली असताना एसटीत कुणीतरी अंड्यांचा ट्रे वरच्या फळीवर ठेवला, नेमका यांच्या डोक्यावर. तुळशीराम उठले आणि दारापाशी जाऊन दांडी धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, सीट खाली आहे, बसा ना." तर म्हणाले, "डोक्यावर अंडे घेऊन बसू का मी?" नांदुरा येईपर्यंत उभेच. सत्यभामाबाईंच्या गळ्यातही माळ आहे, पण त्या त्याच ट्रेखाली खुशाल बसून गेल्या. त्यांचे गुडघे दुखत होते आणि देवाला गुडघ्यांचं कळतं, असं त्यांचं मत.

तीन वर्षांपूर्वी तुळशीरामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि रानात राबणारा माणूस खाटेवर आला. डॉक्टरांनी सांगितलं, यांना उन्हाळ्यात तापू देऊ नका. सांगायला काय जातं? घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली आणि वर टिनाचा पत्रा. चैत्र लागला की दुपारी त्या खोलीत पाणीसुद्धा माठाबाहेर काढलं की कोमट व्हायचं. कूलर होता, पण लाइन गेली की तो नुसता डबा, आणि लाइन जायची ती नेमकी दुपारी. म्हणून पहिले दोन उन्हाळे बाईंनी दारासमोरच्या कडूलिंबाखाली काढले. सकाळी शेजारचे दोघं खाट उचलून झाडाखाली ठेवायचे, दिवस कलला की आत. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी वावटळ उठली म्हणून खाट आत घ्यावी लागली. दोन तासांत तुळशीरामांची शुद्ध हरपली. सलाइनच्या चार बाटल्या गेल्या तेव्हा कुठे डोळे उघडले.

त्यानंतरच्या दिवाळीत रस्ता रुंद झाला आणि लिंब गेला. रस्ता छान झाला, यात वाद नाही, मोटारी कशा सरसर जातात. पण येत्या वैशाखात तुळशीरामांची खाट ठेवायची कुठं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. बाईंना त्या प्रश्नानं झोप येईना.

त्याच सुमारास हरिओम गावात परत आला. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात त्यानं भट्टी घातली. नऊ वर्षं मोरबीला टाइलच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला हा पोरगा. पोरगा म्हणायचं ते गावाच्या हिशेबानं, नाहीतर पस्तिशी ओलांडलेली आणि टक्कल पडायला लागलेलं. तो भंगारवाल्यांकडून फुटक्या बाटल्या घ्यायचा आणि डोंगराकडच्या खडीक्रशरवरून पडून राहिलेली दगडाची भुकटी उचलून आणायचा. काच पिठासारखी दळायची, तिच्यात दगडाची भुकटी आणि थोडी पांढरी पावडर मिसळायची, ओलसर करून लोखंडी साच्यात तळाशी भरायची आणि भट्टीत ढकलायची. आत काच मऊ होते, पावडरीची हवा होते, आणि ती हवा काचेत बुडबुडे धरून तिला साचाभर फुगवते. मग दीड दिवस भट्टी बंद ठेवून हळूहळू निववायचं, घाई केली की तडकलीच. बाहेर निघते ती फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड, राखाडी रंगाची वडी. वजन किलोच्या आत. पाण्यात टाकली तर तरंगते.

हरिओमला कामाला बायका हव्या होत्या, ज्यांचे हात पीठ-पाण्याचा अंदाज ओळखतात अशा. शेजारच्या पुष्पाबाई आधी कामाला लागल्या. त्यांच्या मागोमाग सत्यभामाबाईही गेल्या. बाटल्या धुवायच्या, वाळवायच्या आणि मिश्रण कालवायचं, हे काम. बाटल्या बहुतेक दारूच्या. पुष्पाबाईंनी पहिल्याच दिवशी चिमटा काढला.

"काय व, माळकरीण न् दारूच्या बाटल्या धुऊन राह्यली?"

"धुतली की काच असते ते," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पुढची बाटली हौदात बुडवली.

आठवड्याभरानं हरिओमनं एक गंमत दाखवली. वडी पेटत्या शेगडीवर धरली आणि वर गुळाचा खडा ठेवला. खालून ज्वाळा लागत होती, पण वरचा गूळ जागचा हलला नाही की पाघळला नाही. "हात ठेवून पाहा, मावशी." बाईंनी भीत भीत तळवा टेकवला. गार. त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला. बाकीच्यांना वाटलं, म्हातारीला नवल वाटून राहिलंय. त्या मनात खोली मोजत होत्या. दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस.

"हरिओम, कोपरा तुटलेल्या वड्यायचं काय करतं तू?"

"परत दळतो."

"मले देशीन?"

हरिओमला तुळशीरामांची हकिगत ठाऊक होती. तो म्हणाला, "जेवढ्या तुटतीन तेवढ्या तुमच्या. एकशेवीस झाल्या की मी सोता येऊन पत्र्याखाली बसवून देतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाई दोन-तीन वड्या फडक्यात बांधून घरी न्यायच्या आणि खाटेखाली रचून ठेवायच्या. तुळशीराम डावा हात खाली सोडून त्या चाचपायचे, मोजायचे आणि आकडा सांगायचे. "एकेचाळीस." दुसऱ्या दिवशी, "तेताळीस." बोलणं तुटक झालेल्या माणसाला रोज एक तरी बातमी सांगायला मिळायची, यानं बाईंना केवढं बरं वाटायचं. होळीपर्यंत आकडा चौऱ्याहत्तरवर गेला.

आणि मग ते पोतं आलं.

पांढरी पावडर खामगावकडून दळलेली, पुड्यांमध्ये बांधून यायची. बायका तिला चुना समजायच्या. यावेळी तिकडची चक्की बिघडली म्हणून माल न दळताच आला. पुष्पाबाईंनी पोत्याची शिवण उसवली, आत हात घातला आणि "अगं बाई गं!" म्हणून मागे सरल्या. पोतंभर अंड्यांची टरफलं. बेकऱ्यांमधून गोळा केलेली, धुतलेली, वाळवलेली, पण टरफलंच.

हरिओमला त्यात काही वावगं दिसेना. "मावशी, टरफल म्हंजे चुनाच. आठशे डिगरीत त्याचं काय राह्यते? हवा होऊन जाते. त्या हवेनंच तर वडी फुगते."

"मले समजलं, बाप्पा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्यायले कोण समजावीन?"

तुळशीरामांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांना पाठ होतं. ते वाद घालणार नाहीत, ओरडणार नाहीत. खाट बाहेर काढा म्हणतील, भर उन्हात. त्यांचा शब्द मोडायचा म्हटलं तर माणूस जगेल, पण ज्यावर तो उभं आयुष्य जगला ते मोडेल. आणि शब्द पाळायचा म्हटलं तर वैशाखातली पहिलीच दुपार पुरे. बरं, चौऱ्याहत्तर वड्या आधीच खाटेखाली होत्या. एसटीतला अंड्यांचा ट्रे ज्यांना सोसला नाही, ते महिनाभर अंड्यांवर झोपत होते! बाईंना या गोष्टीचं हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

दोन दिवस त्यांनी घरी काही सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं थोडीच, असं मनाला समजावलं. मन काही बधलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सडा टाकून रांगोळी काढत असताना त्यांची चिमूट मध्येच थांबली. रांगोळी तरी काय, दळलेला दगडच की. कामावर गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हरिओम, रांगोळीनं नाही फुगत का रे वडी?"

हरिओम मोबाइलवर कुणाशीतरी अंगणवाडीच्या छताच्या ऑर्डरीबद्दल बोलत होता. हात हलवून म्हणाला, "फुगते ना. त्या दगडातही चुना असते."

बाईंना एवढं पुरलं. त्यांनी बाजारातून पांढरी रांगोळी आणली आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली. पुढच्या भट्टीचं मिश्रण कालवताना सहाही घमेल्यांत पावडरीच्या जागी रांगोळी घातली. हिशेब साधा होता. दर भट्टीमागे पाच-सहा वड्या तुटतातच. तुळशीरामांच्या खाटेच्या वर बसतील एवढ्या, म्हणजे अठरा, तीन-चार भट्ट्यांत जमतील. बाकीच्या चांगल्या वड्या अंगणवाडीला जातील आणि कुणाचं काही बिघडणार नाही.

बिघडलं ते त्या हातामुळे. हरिओमनं आखून दिलेल्या मापाचा डबा बाईंनी प्रत्येक घमेल्यात काठोकाठ मोजून ओतला, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं वर एक मूठ टाकली. सहा घमेली, सहा मुठी. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दीड दिवसानं सकाळी भट्टी उघडली तेव्हा हरिओम दारातच थिजला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस वड्या साच्याबाहेर उतू गेलेल्या. कुणाला पोट सुटलेलं, कुणाची कड लोंबलेली, एकही धड चौकोनी नाही. अंगणवाडीचा माल त्याच आठवड्यात जायचा होता.

"मिक्स कोनं केलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुष्पाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. सत्यभामाबाई पुढे झाल्या. "म्या केलं. रांगोळी घातली म्या." आणि मग माळेपासून लिंबापर्यंत सगळं सांगून टाकलं.

हरिओम रिकाम्या पोत्यांवर बसला. त्यानं डोकं खाजवलं. "मापात टाकली का?"

"मापातच टाकली. अन्..." बाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांना कळलं. "अन् वरून मूठभर."

"हा भाजीबाजार आहे का, मावशी?"

साठीला आलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी हात मागे घेऊन उभी होती. हरिओमनं एका वडीची लोंबलेली कड मोडली, आतले बुडबुडे पाहिले, दुसरी हौदात टाकली. ती तरंगली. "उन्हाचा ताव तर अडवतीन या," तो स्वतःशीच म्हणाला. मग बाईंकडे वळला. "मले आधी काऊन नाही सांगतलं?"

"तू हसला असता."

"हसलो असतो. अन् तुमाले येगळी भट्टी लावून देली असती."

त्यावर बाईंना जे रडू फुटलं ते पुष्पाबाईंनी पाणी आणून दिलं तरी आवरेना. हरिओमनं अंगणवाडीच्या लोकांकडून आठवडा मागून घेतला. बाईंनी तीन दिवस सूर्य मावळेपर्यंत थांबून सगळे साचे पुन्हा भरले, आणि यावेळी डबा ओतला की उजवा हात पदरात गुंडाळून ठेवायच्या. त्या वाकड्या अठ्ठेचाळीस वड्या त्यांच्याच झाल्या. चौऱ्याहत्तर आणि अठ्ठेचाळीस, गरजेपेक्षा दोन जास्तच.

हनुमान जयंती झाली आणि हरिओम शब्दाला जागला. पत्र्याखाली लोखंडी पट्ट्यांची जाळी ठोकली आणि एकेक वडी बसवायला घेतली. तुळशीरामांना तेवढा दिवस पुष्पाबाईंच्या ओट्यावर बसवलं होतं. कुठली वडी कुठं बसवायची ते बाई खाली उभ्या राहून सांगत होत्या. रांगोळीच्या वाकड्या वड्या खाटेवर आणि देव्हाऱ्यावर. टरफलाच्या सरळ वड्या चुलीकडच्या बाजूला, जिथं त्या स्वतः सतरंजी टाकून झोपायच्या. हरिओम शिडीवरून म्हणाला, "उलटं करू ना, मावशी. बाबाच्या डोक्यावर वाकड्या बऱ्या नाही दिसत."

"जसं सांगतलं तसं कर, बाप्पा."

आणि खोली गार झाली. अगदी थंडगार म्हणता येणार नाही, खोटं कशाला बोला, पण बाहेर चव्वेचाळीस असताना आत माणूस माणसासारखा पडून राहू शकत होता. पहिल्या दुपारी तुळशीराम तीन तास झोपले. जागे झाल्यावर छताकडे बघत म्हणाले, "बरं... वाटते." बाईंनी चुलीकडे तोंड करून पदर डोळ्यांना लावला. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

पण दिवसभर खाटेवर पडलेल्या माणसाला छताशिवाय बघायला काय असतं? पाचव्या-सहाव्या दिवशी तुळशीरामांनी डावं बोट वर केलं. "इकडं... वाकड्या. तुह्याकडं... सरळ. काऊन?"

बाई भाकरी थापत होत्या. हात थांबले. हरिओमनं तशाच बसवल्या, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. त्या परातीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पोतं, टरफलं, रांगोळी, मूठ. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या अन् देवाच्या डोक्यावर एकही नाही तशी. माह्या माळेची शपथ. तिकडं आहेत, ते माह्या अंगावर. ते मी पाहून घेईन."

तुळशीरामांनी डोळे मिटले. त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी चहाचा कप तसाच राहिला. बाई कामावर गेल्या नाहीत, खाटेच्या पायाशी बसून राहिल्या. त्यांना वाटत होतं, आपण खरं बोललो आणि माणूस घालवला.

दुपारी एकच्या सुमारास, बाहेर रस्त्यावर चिटपाखरूही नसताना, तुळशीराम बोलले. "खाट... काढ."

"अहो, नका ना असं करू. भायेर आग लागली आहे."

"काढ!"

बाईंनी पुष्पाबाईंना हाक मारली, त्यांनी हरिओमला फोन केला. तो धावत आला, घामानं निथळत. त्यानंही समजावून पाहिलं. तुळशीराम ऐकेनात. शेवटी हरिओमनं डोक्याकडची बाजू धरली, दोघी बायकांनी पायाकडची, आणि खाट उचलून दाराकडे वळवली. बाई रडत रडतच उचलत होत्या. तेवढ्यात तुळशीरामांनी डाव्या हातानं खाटेच्या माच्यावर जोरात थाप मारली.

"भायेर नाही." बोट चुलीकडे गेलं, सरळ वड्यांखाली, बाईंच्या सतरंजीकडे. "तठी."

तिघंही खाट धरून उभी राहिली.

"अहो, तिकडं तर टरफलाच्या आहेत," बाई म्हणाल्या. "सांगतलं ना तुमाले."

तुळशीरामांना एवढं मोठं वाक्य तीन वर्षांत जमलं नव्हतं. ते अडखळत, श्वास घेत घेत बोलले. "पाप असन... तं तू एकटी... काऊन घेशीन? देव... राहू दे रांगोळीखाली. मी... तुह्याजवळ."

हरिओमनं खाट चुलीजवळ टेकवली आणि बाहेर निघून गेला. पुष्पाबाईही गेल्या. सत्यभामाबाईंनी सकाळचा थंड झालेला चहा मोरीत ओतला आणि नवा ठेवला. तुळशीरामांनी तो बशीत ओतून घेतला, अर्धा प्याले आणि बशी बाईंच्या पुढे सरकवली.